एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाविद्यालयीन विद्यार्थिजीवन आणि क्रीडा : मराठी चरित्र-आत्मचरित्रपर लेखनाची एक चिकित्सा

सारांश :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आणि जपानमधील महाविद्यालयांत बेसबॉल हा विद्यार्थिजीवनाचा अविभाज्य भाग बनला. त्याच काळात महाराष्ट्रातही नवे महाविद्यालय आणि नवा विद्यार्थी यांचा उदय झाला. या विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयी, वादविवादांविषयी आणि ध्येयवादाविषयी मराठीत विपुल लेखन झाले. तथापि त्याच्या खेळाविषयीचे लेखन तुरळक आहे. जे आहे तेही खेळाचे वर्णन नसून शरीर कमावण्याच्या संकल्पाचे वर्णन आहे. प्रस्तुत निबंधात लोकमान्य टिळकांविषयीचे चरित्रलेखन, धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' हा लेख यांच्या आधारे या उणिवेची कारणमीमांसा केली आहे. पळवणकर बंधूंच्या उदाहरणावरून मैदान आणि महाविद्यालय यांतील सामाजिक अंतराचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विद्यार्थिजीवन, क्रीडा, व्यायाम, तालीम, चरित्रलेखन, डेक्कन कॉलेज, खानदेश.

प्रस्तावना :

महाविद्यालयाचा इतिहास म्हटला की संस्थापक, देणगीदार, प्राचार्य आणि इमारती यांचा इतिहास समोर येतो. ज्यांच्यासाठी हे सारे उभे राहिले तो विद्यार्थी वर्गाबाहेर काय करीत होता, कोणाबरोबर राहत होता, काय खेळत होता, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. अन्य देशांत या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी पुष्कळ साधने उपलब्ध आहेत. अमेरिकेत १ जुलै १८५९ रोजी ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन महाविद्यालयांत पिट्सफील्ड येथे बेसबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. ॲमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ धावांनी जिंकला. या सामन्याबरोबरच दोन्ही महाविद्यालयांत बुद्धिबळाचाही डाव ठरला होता आणि तोही ॲमहर्स्टनेच जिंकला. शरीर आणि बुद्धी यांची एकाच वेळी परीक्षा घेणारा हा सामना विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने झाला होता, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

जपानचे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटेल. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकविला. पुढे १८९६ साली टोकियोतील 'इचिको' या उच्च विद्यालयाच्या संघाने योकोहामा येथील परकीयांच्या क्लबचा २९ विरुद्ध ४ असा पराभव केला. परक्यांचा खेळ परक्यांवरच उलटविण्याचा हा प्रसंग जपानच्या राष्ट्रीय स्मृतीत कायमचा कोरला गेला. साहित्याच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, आधुनिक हायकूचा प्रवर्तक मासाओका शिकी (१८६७–१९०२) हा विद्यार्थिदशेत या खेळाचा निस्सीम भोक्ता होता. त्याने बेसबॉलवर कविता लिहिल्या आणि खेळातील संज्ञांना जपानी पर्यायही सुचविले. २००२ साली जपानच्या बेसबॉल दालनात या कवीची सन्मानपूर्वक नोंद झाली.

महाराष्ट्रात असा कवी का झाला नाही, हा प्रश्न वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. तथापि तो मराठी गद्याच्या घडणीशी आणि मराठी समाजाने विद्यार्थ्याची जी प्रतिमा रंगविली तिच्याशी निगडित आहे.

उद्दिष्टे :

१. एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्यार्थ्याच्या शारीरिक जीवनाचे चित्रण निवडक लेखनात कसे येते हे पाहणे.
२. 'व्यायाम' आणि 'खेळ' या दोन संकल्पनांतील भेद या लेखनाच्या संदर्भात स्पष्ट करणे.
३. या चित्रणातून कोण वगळले गेले याचा शोध घेणे.
४. खानदेशातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या चिकित्सेचे औचित्य मांडणे.

पार्श्वभूमी : वसतिगृह, नदी आणि तालीम

१८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे रूपांतर १८५१ मध्ये पूना कॉलेजात झाले. १८६४ साली त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याच्या बाजूस उभ्या राहिलेल्या वास्तूत ते १८६८ साली गेले. शहरापासून दूर, नदीजवळ, टेकडीच्या सान्निध्यात असलेले हे निवासी महाविद्यालय म्हणजे मराठी समाजाला नवीन असा अनुभव होता. तोवर विद्यार्थी म्हटला की तो गुरुगृही, नातेवाइकांकडे किंवा वार लावून जेवणारा असे. समवयस्क तरुणांनी घरापासून दूर, एका छपराखाली, वर्षानुवर्षे राहावे ही पद्धत डेक्कन कॉलेजच्या निमित्ताने रुजली.

या परिसरात शरीरश्रमाची तीन ठिकाणे होती. पहिले तालमीचे. जोर, बैठका, जोडी, मल्लखांब, कुस्ती ही परंपरा पेशवाईपासून चालत आलेली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभट देवधरांचे नाव मल्लखांबाशी जोडलेले आहे. दुसरे नदीचे. पोहणे आणि नाव वल्हविणे हे नदीकाठच्या या महाविद्यालयाचे स्वाभाविक आकर्षण होते. तिसरे मैदानाचे. तेथे क्रिकेट हा राज्यकर्त्यांचा खेळ प्रवेश करू लागला होता. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला होता. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. हिंदू जिमखान्याची स्थापना मात्र १८९४ ची.

या तीन ठिकाणांचे स्वरूप भिन्न आहे. तालीम गावाची आणि वस्तादाची; तिचा महाविद्यालयाशी संबंध नाही. नदी सर्वांची, तेथे नियम नाहीत, स्पर्धा असलीच तर ती हौसेची. मैदान मात्र संस्थेचे. तेथे संघ लागतो, प्रतिस्पर्धी लागतो, नियम लागतात आणि साहित्यासाठी पैसाही लागतो. अमेरिकन विद्यार्थ्याचे क्रीडाजीवन मैदानावर घडले. मराठी चरित्रलेखनातील विद्यार्थ्याचे मात्र मुख्यतः तालमीत आणि नदीवर घडलेले दिसते. या भेदातूनच पुढील विवेचन उद्भवते.

टिळक : संकल्प म्हणून व्यायाम

महाविद्यालयीन जीवनातील शरीरसाधनेचा मराठीतील सर्वांत प्रसिद्ध वृत्तांत लोकमान्य टिळकांचा आहे. टिळकांनी १८७३ साली डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. प्रकृती किरकोळ असल्याने त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालविले. तालीम, पोहणे, नाव वल्हविणे यांत ते रमले आणि त्याची किंमत परीक्षेत मोजली, असा हा वृत्तांत आहे. न. चिं. केळकरांनी लिहिलेल्या तीन खंडांच्या टिळकचरित्रातून (पहिला खंड १९२३) आणि स. वि. बापट यांनी संपादिलेल्या आठवणींच्या संग्रहांतून तो घरोघरी पोहोचला. शालेय पाठ्यपुस्तके, जयंतीची भाषणे, व्याख्यानमाला यांतून तो आजही सांगितला जातो.

या वृत्तांताची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात एक उणीव आहे, तिच्या निवारणाचा निश्चय आहे, निश्चयासाठी केलेला त्याग आहे आणि अखेर फलप्राप्ती आहे. म्हणजे ही मूलतः व्रतकथेची रचना होय. व्रतकथेत आनंदाला स्थान नसते असे नाही, परंतु आनंद हे तिचे प्रयोजन नसते. नदीत पोहताना तरुण मुलांनी केलेली दंगामस्ती, पैजा, हरणे, रुसणे या गोष्टी आल्या तरी त्या नायकाच्या करारी स्वभावाचे दाखले म्हणून येतात. बरोबरचे विद्यार्थी साक्षीदार असतात; सहखेळाडू नसतात.

दुसरी गोष्ट काळाच्या संदर्भातील आहे. टिळकांच्या विद्यार्थिदशेचे हे चित्र त्यांच्या निधनानंतर, म्हणजे १९२० नंतर, ग्रंथबद्ध झाले. मंडालेचा कारावास सोसलेले शरीर वाचकांना आधीच ठाऊक होते. त्यामुळे १८७३ सालचा व्यायाम हा त्या कारावासाची पूर्वतयारी ठरतो. चरित्रकाराला पुढचे माहीत असते. तरुण विद्यार्थ्याला ते माहीत नसते. चरित्रलेखनातील ही उलटी दृष्टी विद्यार्थिजीवनाच्या अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवली पाहिजे. केळकरांचे चरित्र मराठीतील थोर चरित्र आहे यात शंका नाही. परंतु त्याचा विषय टिळक हा आहे. डेक्कन कॉलेजातील विद्यार्थी हा त्याचा विषय नाही. आपण मात्र अनेकदा त्या ग्रंथाकडून दुसऱ्या विषयाचे पुरावे मागतो.

आगरकर आणि कर्वे : दारिद्र्यातील शरीर

टिळकांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर यांच्या विद्यार्थिदशेची जी आठवण महाराष्ट्राने जपली ती वेगळ्या प्रकारची आहे. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा विद्यार्थी ही ती प्रतिमा होय. शिक्षणासाठी पायपीट, अकोल्यात शालेय शिक्षण, मग डेक्कन कॉलेज आणि १८८० साली एम्. ए. असा त्यांचा प्रवास झाला. येथे शरीर कमावण्याचा प्रश्नच नाही; ते टिकविण्याचा आहे. दम्याने ग्रासलेल्या आगरकरांचे १८९५ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी निधन झाले. टिळक आणि आगरकर यांनी कॉलेजमागच्या टेकडीवर रात्री जागवून देशकार्याचे बेत केले, ही हकिकत दोघांच्याही चरित्रांत येते. या टेकडीवरील चर्चांतून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज यांच्या उभारणीचा मार्ग मोकळा झाला. मराठी स्मृतीत महाविद्यालयीन सहजीवनाचे सर्वोच्च चित्र हे असे चर्चेचे आहे. अमेरिकन स्मृतीत ज्या जागी मैदान आहे त्या जागी आपल्याकडे टेकडी आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) हे या संदर्भात अधिक विश्वसनीय साधन आहे, कारण ते स्वतः नायकानेच, अलंकाराविना आणि हिशेबी वृत्तीने लिहिले आहे. मुरूडहून साताऱ्यास परीक्षेसाठी पावसापाण्यात, घाट ओलांडून पायी केलेला प्रवास आणि तेथे पोहोचल्यावर अंगकाठी लहान, वय कमी दिसते म्हणून परीक्षेस बसण्यास मिळालेला नकार हा त्यातील प्रसंग सर्वपरिचित आहे. या प्रसंगाकडे सामान्यतः चिकाटीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तो शरीर आणि सरकारी व्यवस्था यांच्यातील संबंधाचा प्रसंग आहे. इतके अंतर चालून जाण्यास समर्थ असलेले शरीर कचेरीतील एका दृष्टिक्षेपात अपात्र ठरते. पुढे मुंबईत शिकत असतानाच्या वृत्तांतात शिकवण्या आणि पैशांचा हिशेब यांना जे स्थान आहे ते खेळाला नाही. याचे कारण उघड आहे. खेळाला फुरसद लागते. आणि शिकवण्यांवर शिक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ फुरसद नसते.

टिळकांचा वृत्तांत आणि कर्व्यांचा वृत्तांत शेजारी ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते. एक संपूर्ण वर्ष शरीरसाधनेस देणे हा निश्चयाचा भाग होता तसाच तो ऐपतीचाही होता. टिळकांचे वडील १८७२ साली वारले होते, तरीही शिक्षण निर्वेध चालावे एवढी तरतूद त्यांच्यामागे होती. चरित्रकार निश्चयाचे वर्णन करतात, ऐपतीचे करीत नाहीत. गरीब विद्यार्थ्याने एक वर्ष गमावले तर त्याचे शिक्षणच संपते.

राजवाडे : महाविद्यालयाचीच परीक्षा

या सर्व लेखनात वि. का. राजवाडे यांचा 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' हा लेख वेगळा उठून दिसतो. खानदेशातील अभ्यासकांना त्याचे अगत्य अधिक असावयास हवे. राजवाडे यांनी आपल्या आयुष्याचा अखेरचा काळ धुळे येथे व्यतीत केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर लगेच, १९२७ साली, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली आणि त्यांचा संग्रह तेथे जतन करण्यात आला.

राजवाडे १८८२ साली मॅट्रिक झाले. काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात राहून, पैशाअभावी परत येऊन, पुण्यात शिकवण्या करून, थोरले बंधू वैजनाथ यांच्या साहाय्याने ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि १८९० च्या सुमारास पदवीधर झाले. म्हणजे कर्व्यांप्रमाणेच त्यांचाही मार्ग खडतर होता. परंतु लेखनाचा सूर अगदी निराळा आहे. राजवाडे स्वतःच्या कष्टांचे गोडवे गात नाहीत. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच त्यांची भूमिका सामावली आहे. कनिष्ठ, मध्यम आणि उच्च अशा तिन्ही पायऱ्यांवरील शाळा हा त्यांचा विषय आहे आणि स्वानुभव हा त्याचा पुरावा. विद्यार्थी येथे परीक्षार्थी नाही, परीक्षक आहे.

पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांविषयी राजवाडे यांना फारसा आदर नव्हता. महाविद्यालयाने आपल्याला जे दिले ते वर्गाबाहेर दिले, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. ग्रंथालयातील अवांतर वाचन आणि शरीरसंपत्तीची जोपासना या दोन गोष्टींत त्यांनी महाविद्यालयातील वर्षांचे सार्थक मानले. वाचन आणि व्यायाम यांना ते एकाच पंक्तीत बसवितात, कारण दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या आहेत. संस्थेने लादलेल्या नाहीत. स्वातंत्र्य हे या दोहोंतील समान सूत्र आहे.

टिळकांच्या वृत्तांतात व्यायाम हे राष्ट्रकार्याचे साधन ठरते. राजवाड्यांच्या लेखात तो शिक्षणाचा घटक ठरतो. हा फरक लहान नाही. पहिल्या दृष्टीत महाविद्यालय निर्दोष राहते, कारण सारे श्रेय आणि सारी जबाबदारी नायकाच्या निश्चयाकडे जाते. दुसऱ्या दृष्टीत महाविद्यालयाला जाब द्यावा लागतो. जर विद्यार्थ्याचे खरे शिक्षण वर्गाबाहेर होत असेल, तर वर्गात काय चालले होते? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य एकोणिसाव्या शतकातील पदवीधरांपैकी फार थोड्यांनी दाखविले. पुढे आयुष्यभर केवळ मराठीतच लिहिण्याचा निर्धार करणारा आणि कोणत्याही संस्थेच्या चौकटीत फार काळ न रमलेला संशोधक या लेखात आधीच दिसू लागतो.

तरीही या लेखाच्या मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. राजवाड्यांचा विद्यार्थी एकटा आहे. त्याचे वाचन एकट्याचे आणि त्याचा व्यायामही एकट्याचा. संघ, सहकार्य, दुसऱ्याच्या कौशल्यावर विसंबणे, हार पचविणे या ज्या गोष्टी सांघिक खेळ शिकवितो, त्यांना या शिक्षणविचारात जागा नाही. शिवाय सर्वांना राजवाड्यांची बुद्धिमत्ता नसते. अवांतर वाचनावर जो पदवीधर होऊ शकतो त्याचा अनुभव सामान्य विद्यार्थ्याला कितपत लागू करावा, हा प्रश्न लेख वाचताना मनात राहतो.

मैदानावर कोण होते?

येथवर पाहिलेल्या लेखनात क्रिकेटचे मैदान जवळजवळ रिकामे आहे. वस्तुतः ते रिकामे नव्हते. १८९० च्या दशकात पुण्याच्या मैदानावर एक तरुण युरोपीय खेळाडूंना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत होता. त्याचे नाव पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला हा तरुण मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होता. महाविद्यालयाशी विद्यार्थी म्हणून त्याचा संबंध नव्हता. पुढे हिंदू संघाला त्याच्या गोलंदाजीची गरज भासली तेव्हा त्याला संघात घेण्यात आले, परंतु पुण्यात चहापानाच्या वेळी तो इतरांपासून वेगळा, वेगळ्या भांड्यातून चहा घेत असे. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात हा इतिहास साधार मांडला आहे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून बाळूने ११४ बळी मिळविले. त्याचा धाकटा बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला.

विठ्ठल पळवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. या शीर्षकातील 'क्रीडा-जीवन' हा शब्द लक्षणीय आहे. ज्या जीवनाला मराठी पदवीधरांच्या चरित्रांत स्वतंत्र नाव नव्हते, त्याला ते नाव मिळाले ते चर्मकार कुटुंबातील एका खेळाडूच्या लेखणीतून. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासांत या पुस्तकाला मिळावयास हवे होते ते स्थान मिळालेले नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत कर्वे आहेत, टिळकचरित्र आहे. विठ्ठल पळवणकर अभावानेच आढळतात.

अमेरिकेतील समकालीन उदाहरण या ठिकाणी उद्बोधक ठरते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय तरुण १८८१ साली ओबर्लिन महाविद्यालयाच्या संघातून बेसबॉल खेळला, मग मिशिगन विद्यापीठाकडून खेळला आणि १८८४ साली टोलीडोच्या व्यावसायिक संघातून सर्वोच्च पातळीवर उतरला. त्यानंतर वर्णभेदाची भिंत उभी राहिली ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सनच्या प्रवेशापर्यंत. म्हणजे तेथे महाविद्यालयाच्या मैदानाने, थोड्या काळापुरते का होईना, जे दार उघडले ते व्यावसायिक मैदानाने बंद केले. आपल्याकडे क्रम उलटा दिसतो. बाळूसाठी महाविद्यालयाचे दार उघडलेच नाही. जे काही उघडले ते मैदानाचे, आणि तेही अर्धवट.

तालमीचा इतिहासही या दृष्टीने पुन्हा वाचावा लागेल. पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी शिक्षण घेतले. मातंग समाजातील वस्ताद आणि इतर जातींतील शिष्य हा संबंध तालमीत शक्य होता. वर्गात तो शक्य नव्हता. हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात फुले यांनी, उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असा आक्षेप घेतला. त्या आक्षेपाच्या प्रकाशात पाहिले असता डेक्कन कॉलेजचे वसतिगृह, नदी आणि टेकडी यांचे रम्य चित्र अपुरे वाटू लागते. विद्यार्थिनींच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. १८८० च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री ठरलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा अनुभव हा सहाध्यायांच्या मैत्रीचा नव्हे, तर त्यांच्या विरोधाचा होता. तालीम, नदी आणि टेकडी ही तिन्ही ठिकाणे त्यांच्यासाठी नव्हतीच.

खानदेशाच्या दृष्टीने औचित्य

या चर्चेत खानदेश कोठे आहे, असे विचारता येईल. एकोणिसाव्या शतकात खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे येथे होते. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे विभाजन १९०६ साली झाले. या संपूर्ण प्रदेशात त्या शतकात एकही महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षण म्हणजे पुणे किंवा मुंबई. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही १९४५ सालची. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० सालची. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला त्या धुळ्यात त्या वेळी महाविद्यालय नव्हते, आणि महाविद्यालयीन शिक्षणाची सर्वांत परखड चिकित्सा करणाऱ्या या लेखकाचा वारसा मात्र तेथेच जपला गेला.

याचा एक परिणाम असा झाला की, खानदेशात महाविद्यालये निघाली तेव्हा विद्यार्थ्याची प्रतिमा बाहेरून आयात झाली. ती पुण्याची होती, वसतिगृहाची होती, टेकडीवरील चर्चेची होती. प्रत्यक्षात येथील विद्यार्थी वेगळा होता आणि आहे. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात काम करून, एस. टी.ने ये-जा करून शिकणारा, घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिली बोलणारा हा विद्यार्थी टिळकांपेक्षा कर्व्यांच्या आणि कर्व्यांपेक्षाही बाळूच्या जवळचा आहे. 'पूर्वीचे विद्यार्थी ध्येयवादी होते, आताचे नाहीत' हे प्राध्यापक कक्षात वारंवार ऐकू येणारे विधान याच आयात प्रतिमेवर उभे आहे. ते मूठभर चरित्रनायकांची तुलना हजारो सामान्य विद्यार्थ्यांशी करते. एकोणिसाव्या शतकातील सामान्य विद्यार्थ्याचे, परीक्षेत नापास होऊन गावी परतलेल्याचे, पैशाअभावी शिक्षण सोडलेल्याचे चरित्र कोणी लिहिले नाही. तुलना करावयाची तर ती त्याच्याशी करावी लागेल.

खानदेशात या उणिवेची भरपाई करणारा एक प्रयत्न होऊन गेला आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयात त्यांनी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' चालविले. मुलांचे रोजचे जगणे हा लेखनाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव त्यामागे होती. तो प्रयत्न शालेय पातळीवरचा होता. परंतु त्याची दृष्टी महाविद्यालयांनाही उपयुक्त आहे.

निष्कर्ष :

१. एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्यार्थ्याचे शरीर हे येथे अभ्यासलेल्या चरित्र-आत्मचरित्रांत प्रामुख्याने संकल्पाचा किंवा सहनशीलतेचा विषय म्हणून येते. क्रीडेचा विषय म्हणून ते क्वचित येते. पारतंत्र्याच्या काळात शरीराकडे राष्ट्रकार्याचे साधन म्हणून पाहिले जाणे हे याचे एक कारण आहे. चरित्राचा एकनायकी आकृतिबंध हे दुसरे कारण होय; त्यात संघाला जागा नसते.

२. टिळकांच्या शरीरसाधनेचा वृत्तांत हा विद्यार्थिजीवनाचा प्रातिनिधिक पुरावा मानता येत नाही. तो विशिष्ट ऐपतीचा आणि उत्तरकालीन स्मरणाचा वृत्तांत आहे. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' त्याला आवश्यक असा प्रतितोल देते.

३. राजवाडे यांच्या लेखात व्यायाम आणि अवांतर वाचन हे स्वातंत्र्याच्या एकाच सूत्रात येतात आणि संस्थेला प्रश्न विचारला जातो. मराठीतील शिक्षणविषयक चिकित्सेत या लेखाचे स्थान मध्यवर्ती मानले पाहिजे. मात्र त्यातील एकाकी विद्यार्थी ही त्याची मर्यादा होय.

४. क्रीडाजीवनाला स्वतंत्र लेखनविषय म्हणून प्रतिष्ठा देणारे विठ्ठल पळवणकरांचे आत्मचरित्र मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात समाविष्ट होणे गरजेचे आहे.

५. खानदेशातील महाविद्यालयांनी आपल्या वार्षिकांकांतून, क्रीडा विभागाच्या दप्तरांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या मौखिक आठवणींतून विद्यार्थिजीवनाची साधने पद्धतशीरपणे गोळा करावीत. १९४५ नंतरच्या पहिल्या पिढीतील विद्यार्थी आता वार्धक्याच्या अखेरच्या टप्प्यावर आहेत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

राजवाडे यांनी गावोगावी हिंडून जुन्या वाड्यांतील दप्तरे जमविली. महाविद्यालयाच्या कपाटात धूळ खात पडलेली खेळाडूंची हजेरीपुस्तके, संघांची छायाचित्रे आणि वसतिगृहाची नोंदवही हीदेखील इतिहासाची साधनेच होत. धुळे-जळगावच्या अध्यापकांनी ती साधने म्हणून वाचावयास घेतली, तर राजवाड्यांचे काम या प्रदेशात खऱ्या अर्थाने पुढे चालले असे म्हणता येईल.